हाताला लागणारं चित्र

बदलापूर गावात जांभळं आली. परवा बाजारात एक आजी टोपली घेऊन बसली होती, पुढ्यात पानांचे द्रोण मांडलेले. शालिनीने माझ्या कोपरावरचा हात सोडला आणि सरळ टोपलीत घातला. एक जांभूळ दोन बोटांत धरून जरासं दाबलं, दुसरं दाबलं. "ही नदीकडच्या झाडाची," ती म्हणाली. आजी खूश झाली. "बराबर वलखलंस गं बाय. आजचीच हायेत, ने." मला मात्र टोपलीतली सगळी जांभळं सारखीच दिसत होती.

हा हंगाम तसा तोकडाच. मे उतरणीला लागला की सुरू होतो आणि पाऊस नीट धरला की संपतो. मधले पंधरा-वीस दिवस अंगाला चिकटतात. पंखा फिरतो पण वारा लागत नाही. अंबरनाथच्या कारखान्यांचा तो ओळखीचा उग्र वास दुपारी इतका खाली उतरतो की डब्यातल्या भाजीलाही येतो. सगळे विचारत असतात, पाऊस कधी येणार. मला मात्र घाई नसते. तीन वर्षांपूर्वीचे हेच दिवस मला या दिवसांत परत भेटतात, आणि ते सुखाचे होते की दुःखाचे, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मी अंबरनाथ एमआयडीसीत फिटर आहे. एकतीस वर्षं एकाच ठिकाणी. कारखान्याचं नाव तीनदा बदललं, मालक बदलले, माझं टेबल तेच राहिलं. काम काय, तर मशीनवरून उतरलेल्या मालाच्या कडा मारायच्या. लोखंड कापलं की काठाला एक बारीक धार राहते, ती कानशीने काढायची. मग पॉलिश पेपर मारायचा, मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. बोट कुठे अडलं नाही की माल पास. आमच्याकडे एखाद्या कामाला नाव ठेवायचं तर फक्त एवढंच म्हणतात, 'हाताला लागतंय.' याहून मोठी बेअब्रू नाही. माझं काम कधी हाताला लागलं नाही, आणि याचा मला चांगलाच गर्व होता.

आमचे सध्याचे मालक हरेशशेठ, उल्हासनगरचे सिंधी. त्यांनी प्लास्टिकचे नमुने काढायला चार प्रिंटर घेतले होते. म्हणजे कागदावर छापणारे नाहीत, वस्तू छापणारे. गरम प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत जातात आणि सकाळी लावलेलं काम संध्याकाळी अख्खं हातात येतं. त्या मे महिन्यात शेठ माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "साईं, पेंटिंग का जॉब आया है. मुंबईच्या म्युझियमचं. अंधे लोगों के लिए, हात लावून बघायचं चित्र. पुण्य का काम है, एकदम मक्खन फिनिशिंग पाहिजे." बोलून झाल्यावर ते जरा अडखळले. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच आपापल्या कामात डोकं घातलं.

कारण माझी बायको त्याच्या बारा वर्षं आधी आंधळी झाली होती, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

शालिनी बदलापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. घरात रंगांचा वास असायचा, पाण्याच्या भांड्यात ब्रश उभे असायचे आणि एकदा त्यातलं पाणी मी सरबत म्हणून प्यायलोही होतो. मग तिच्या हातून चहा सांडू लागला. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटायचा. "बाजूचं कमी दिसतंय हो मला," ती म्हणाली, तेव्हा मी म्हणालो, "नंबर वाढला असेल. दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर कारखान्यात ओव्हरटाइम निघाला. आठ महिने असेच गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. राहिलेली वाचवायचा त्यांनी प्रयत्न केला, दोन वर्षांत तीही गेली. ते आठ महिने माझे. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिने विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही.

मी बोलत नव्हतो, पण कामाला मात्र लागलो. टेबलाचे कोपरे घासून गोल केले. उंबरठा काढून टाकला. भिंतीवरची तिची चित्रं उतरवली, रंगांचा खोका आणि ब्रश शाळेच्या शिपायाला देऊन टाकले. पाहुण्यांना दारातच हळूच सांगायचो, चित्रांचं काही बोलू नका. तिला कुठेही काही लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात. मला वाटायचं, हीच माया.

म्युझियमचं काम असं होतं. तिथले लोक चित्राचे वेगवेगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे. त्यावरून संगणक हिशेब करायचा की चित्रातलं काय पुढे आहे, काय मागे, कुठे रंग जाड बसलाय, कुठे पातळ. मग ती उंचसखल फाईल आमच्याकडे यायची, राखाडी, डोंगराच्या नकाशासारखी. खरं चित्र आम्ही कधी बघितलंच नाही. आम्ही ते पांढऱ्या प्लास्टिकमध्ये काढून द्यायचं, पुढे म्युझियमवाले त्याच्या पोटात तारा बसवणार. बोट जिथे टेकेल तिथली माहिती कानाला लावलेल्या फोनमधून मराठीत बोलली जाणार. पहिलं चित्र होतं खिडकीशी बसलेल्या एका बाईचं. मांडीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडत होती.

मी ते जीव तोडून घासलं. प्रिंटरच्या थरांच्या बारीक रेषा काढल्या, खडबडीत होतं ते सपाट केलं. खाली पट्टीवर काही दाणे राहिले होते, तेही साफ केले. शेठनी हात फिरवला आणि म्हणाले, "वा! काच है काच."

आठवड्याने म्युझियमची मुलगी ते परत घेऊन आली. केतकी तिचं नाव, पाठीवर सॅक, घामाने निथळत होती. तिने चित्र माझ्या टेबलावर ठेवलं. "काका, काहीच कळत नाहीये यातलं. तिघांना दाखवलं. एक आजोबा विचारत होते, हा ट्रे आहे का?"

"फिनिशिंगमध्ये काय चूक आहे?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"फिनिशिंगच चूक आहे ना. तुम्ही ब्रशचे फटकारे घासून टाकलेत. लुगड्याच्या चुण्या गेल्या. आणि खालचे ब्रेलचे ठिपके कुठे आहेत?"

मी म्हणालो, "मला वाटलं, दाणे राहिलेत."

ती हसली, आणि माझा चेहरा बघून थांबली. मी खरंच ब्रेल कधी पाहिलं नव्हतं. शालिनीचा फोन बोलतो, त्यावर तिचं चालतं. एका आंधळ्या बाईबरोबर बारा वर्षं राहणारा माणूस आंधळ्यांची अक्षरं कानशीने घासतो, हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मीच सगळ्यांना चहाबरोबर सांगितलं असतं.

"इथे जवळपास कुणी आहे का, ज्यांना दिसत नाही?" केतकीने विचारलं. "माल पाठवण्याआधी त्यांनी एकदा हात लावून बघितला तर बरं होईल."

शेठ जमिनीकडे बघू लागले. 

"नाही," मी म्हणालो. "असं कुणी नाही."

हे एक वाक्य मला अजून छळतं. तिला चित्रांचा त्रास नको म्हणून मी तसं म्हणालो, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. बारा वर्षं झाकलेलं भांडं उघडायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्या संध्याकाळी तो नापास नमुना माझ्या पिशवीत होता. डब्याच्या शेजारी, उभा. माझा डबा रोज शालिनीच काढून धुते, हे मला माहीत होतं. मी तो मुद्दाम तिथे ठेवला की नुसता ठेवला, हे आजही मला सांगता येत नाही. मी हातपाय धुऊन आलो तर ती ओट्याशी उभी राहून त्यावरून हात फिरवत होती. बाजूला वाटीत जांभळं होती, तिची बोटं रंगलेली, पांढऱ्या प्लास्टिकवर डाग पडलेले.

"हे तुम्ही घासलंय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुमचा हात ओळखत नाही का मी? घरातला एकेक कोपरा असाच आहे. काय आहे हे?"

मी सांगितलं. चित्र आहे, बाई आहे, सूप आहे, खिडकी आहे. तिचा हात थांबला. "हिरवं लुगडं?"

"आमच्याकडे फाईल राखाडी येते गं. रंग कुठला दिसणार?"

"हिरवंच. हे मी पाहिलंय. सातवीच्या मुलांना घेऊन गेले होते बघा, डॉक्टरकडे गेलो त्याच्या आदल्या वर्षी. किती वेळ उभी होते मी त्याच्यापुढे! हातात काम आहे, पण ती बघतेय बाहेर. म्हणून आवडलं होतं मला ते." ती हसली. आणि मग तिची बोटं वर जाऊन चेहऱ्याच्या जागी फिरत राहिली. "यात चेहराच नाहीये हो. डोळे घासून टाकलेत तुम्ही तिचे."

ती फक्त चित्राबद्दल बोलत होती. तरी मी नजर खाली घातली.

"चूक झाली," मी म्हणालो. "गुळगुळीत करायची सवय."

"सगळंच गुळगुळीत करता तुम्ही." आता तिचा आवाज बदलला होता. "मुलं झाली असती तर त्यांनाही घासलं असतंत. भिंतीवरची चित्रं काढलीत, मला कळलं नाही असं वाटलं? खिळे तसेच आहेत, हाताला लागतात मला. लोक घरात येतात आणि हवापाण्याचं बोलून जातात. माझे रंग कुणाला दिलेत?"

"शाळेच्या शिपायाला. तुला त्रास नको म्हणून..."

"मला विचारलं होतं?"

विचारलं नव्हतं.  मी धीर करून म्हणालो, "शालू, ते डॉक्टरकडे जायचं मी लांबवलं ना, ते..."

"ते आज नको," ती म्हणाली आणि नमुना माझ्या हातात दिला. "उद्या यातलं एक न घासलेलं आणा."

मी दुसऱ्या दिवशी आणलं. त्याच दिवशी केतकीला फोन करून, माझी बायकोच आहे, मी खोटं बोललो, हेही सांगितलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "काकूंना आवडेल ना, काका?"

पुढचे पंधरा दिवस मी विसरूच शकत नाही. शालिनी कारखान्यात यायची, दुपारी, रिक्षाने. शेठनी आपल्या केबिनमधली खुर्ची काढून माझ्या टेबलाशी ठेवली. "भाभीजी, आप बोलो, ये करेगा," असं म्हणून त्यांनी मला शालिनीच्या हाताखाली दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा चित्रकलेची बाई मिळाली, आणि ती कडक होती. रंग जिथे संपतो तिथे काठ हवा. भिंत खरखरीत ठेवा, म्हणजे खिडकी मोकळी लागेल. लुगड्याच्या रेघा आडव्या घ्या, हाताची कातडी तेवढी गुळगुळीत चालेल, तिथे मारा तुमचा पॉलिश पेपर. सुपातले तांदूळ टोचले पाहिजेत. मी कानस उचलली की तिला आवाजावरून कळायचं. "ठेवा ती खाली," ती म्हणायची, आणि सगळं खातं हसायचं.

फोनमध्ये बोलणारा मजकूर केतकी वाचून दाखवायची. पहिलंच वाक्य होतं, 'एक सुंदर स्त्री विचारमग्न बसली आहे.' शालिनीने तिला तिथेच थांबवलं. "सुंदर आहे का ते मी ठरवीन. आधी मला सांग, हात कुठे आहेत, पाय कसे दुमडलेत, उजेड कुठल्या बाजूने येतोय." केतकी लिहून घ्यायची, खोडायची, परत वाचायची. शेवटी राहिलं ते साधं होतं. खिडकी डावीकडे. बाईचा चेहरा खिडकीकडे वळलेला. मांडीवरचं सूप डाव्या हाताने धरलेलं, उजव्या हाताची बोटं तांदळात.

मला या यंत्रांचं फार कौतुक नाही. प्रिंटर बंद पडतो तेव्हा त्याला शिव्या घालणारा मीच असतो. पण संध्याकाळी रिक्षात बसून आम्ही घरी जायचो आणि ती रंगांबद्दल बोलत असायची. हिरव्यात किती हिरवे असतात, सावली काळी का नसते. वाटेत कानसई, कात्रप, रस्त्याकडेला टोपल्या, हवेत तो कारखान्यांचा वास, आणि माझ्या शेजारी बारा वर्षांनी बोलणारी माझी बायको. मी नुसता हं हं करायचो. इतकी वर्षं मी हिला गप्प ठेवलं होतं या विचाराने जीव कासावीस व्हायचा, आणि त्याच वेळी मी इतका आनंदात असायचो की रिक्षा सिग्नलला थांबलेली बरी वाटायची.

पाऊस अजून आला नव्हता, तेव्हा म्युझियममध्ये ती चित्रं मांडली. आम्हाला बोलावणं होतं. शालिनीने निळी साडी नेसली, केतकीने दारातच तिचा हात धरला. आत गार होतं. बरीच माणसं आली होती, पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या. ते ट्रेवाले आजोबाही होते. त्यांनी सुपावर बोट टेकवलं, कानातलं ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, "तांदूळ! अहो, टोचतायत!" शालिनीने आमचं चित्र हाताखालून घातलं, सावकाश, खिडकीपासून पायापर्यंत. मग कानातला फोन काढून केतकीला दिला.

"खरं चित्र कुठे आहे?" तिने मला विचारलं.

ते पलीकडच्या भिंतीवरच होतं, काचेमागे. मी तिला तिथे नेऊन उभं केलं. लुगडं हिरवं होतं. महिनाभर ज्याच्या पांढऱ्या नकला मी हाताळल्या, ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मला कुठे असलं बोलता येतं? मी लुगड्यापासून सुरुवात केली. दोन तऱ्हेचं हिरवं आहे म्हणालो, उजेडातलं पिवळट आणि मांडीखालचं काळपट. भिंतीवर एका जागी रंगाला तडा गेलाय. बाईच्या कपाळावर घाम असावा, तिथे चकाकतंय.

"आणि बाहेर काय बघतेय ती?"

मी बघितलं. जवळ जाऊन बघितलं. चेहरा खिडकीकडे होता, सूपही तिकडेच धरलेलं. पण पापण्या खाली होत्या. ती सुपात बघत होती. खिडकी तिने उजेडापुरती घेतली होती, आपण सगळेच घेतो तशी.

मी काहीही सांगू शकलो असतो. बाहेर झाड आहे, पाखरू आहे, वाट आहे. कुणाला कळणार होतं? ती सुखाने घरी आली असती.

"बाहेर नाही बघत, शालू," मी म्हणालो. "पापण्या खाली आहेत. ती तांदूळच बघतेय."

माझ्या कोपरावरची तिची पकड घट्ट झाली. "नक्की?"

"नक्की. दोनदा बघितलं मी."

 आमच्या मागून लोक येत-जात होते. मला वाटलं, आता रडेल. मला वाटलं, कशाला बोललो.

"एक मुलगी म्हणाली होती मला," ती अगदी हळू म्हणाली. "सहलीत. बाई, ती तर खाली बघतेय. मी तिला म्हटलं, नीट बघ, बाहेर बघतेय. सगळ्या वर्गासमोर म्हटलं. मला दिसतच होतं ना तसं." ती थांबली. "म्हणजे माझी नजर तेव्हाच जायला लागली होती. तुम्हाला सांगितलं त्याच्या कितीतरी आधीपासून. मलाच माहीत नव्हतं."

माझे आठ महिने त्याने पुसले जात नाहीत. ते पुसावेत म्हणून तिने हे सांगितलंही नव्हतं. मी तिच्या हातावर हात ठेवला, आणि या वेळी काहीच सारवासारव केली नाही.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, पदर सारखा केला आणि माझ्या कोपराला हलकासा झटका दिला.

"मग सांगा ना पुढे. सुपात काय दिसतंय तिला?"

मी वाकलो आणि तांदूळ बघू लागलो.